कंपनी काढली, मग दुसऱ्यांची दुकानं

सातिवलीत माझा एक शाळासोबती गाळ्यात फॅब्रिकेशन करतो. वेल्डिंग एक नंबर. पण उद्यम नोंदणीसाठी त्याने एजंटला दीड हजार मोजले. ती नोंदणी सरकारी साइटवर फुकट होते! मी बीटेक, तरी मलाही तेव्हा माहीत नव्हतं. म्हणून आज आनंद देशपांडे.

आयआयटी खरगपूर, अमेरिकेत इंडियाना विद्यापीठाची पीएचडी, मग एचपीत नोकरी. ती सोडून 1990 मध्ये पुण्यात पर्सिस्टंट सिस्टिम्स काढली. उदारीकरण अजून यायचं होतं, बरं का. 2010 मध्ये कंपनी शेअर बाजारात आली. इथवरची गोष्ट आपण नेहमी ऐकतो.

मला पुढची आवडते. त्यांनी आणि सोनाली देशपांडेंनी 'दे आसरा' ही संस्था काढली. ब्यूटी पार्लर, खानावळ असे छोटे धंदे करणाऱ्यांना परवाने, कर्ज, हिशेब, मार्केटिंग यात ती मदत करते. नुसता देणगीचा चेक फाडला असता तरी कौतुक झालंच असतं. पण आपल्या आयटीत शिरायला डिग्री लागते. गाळ्यात दहावी नापास पोरगाही हाताला काम मिळवतो. ते गाळे टिकायला हवेत ना?

अर्थात, कागद नीट झाले म्हणून गिऱ्हाईक वेळेवर पैसे देतं असं नाही. मित्राचं एक बिल चार महिने अडकलंय. या रविवारी लॅपटॉप घेऊन त्याच्या गाळ्यावर बसतोय. आधी ते बिल, मग जीएसटी.