भाकरीमागचं संशोधन आणि आपला पैसा

बचत गटात आपण पै-पैचा हिशेब ठेवतो. आज अशा पैशाचा हिशेब बघू या, जो आपलाच आहे पण आपण कधी विचारत नाही. शेतीच्या संशोधनावर सरकार खर्च करतं तो पैसा.

आपल्या ताटातली मालदांडीच घ्या. गावरान ज्वारीतून चांगली कणसं निवडायची, ती वेगळी पेरायची, त्यातून पुन्हा निवडायची, असं वर्षानुवर्षं करत मोहोळच्या सरकारी केंद्रावर 'मालदांडी ३५-१' हे वाण तयार झालं. ही गोष्ट स्वातंत्र्याच्या आधीची. १९३३ साली सोलापुरात कोरडवाहू शेतीचं संशोधन सुरू झालं. काम मुंबई प्रांताच्या शेती खात्याचं आणि त्याला पैशाची मदत दिल्लीच्या कृषी संशोधन परिषदेची. बांधबंदिस्ती करा, शेणखत घाला, पेर विरळ ठेवा, कोळपण्या द्या, म्हणजे ओल टिकते, हे तिथं प्रयोग करून पाहिलं गेलं.

हा खर्च एखाद्या कंपनीनं का केला नसता? कारण मालदांडीचं बियाणं आपण घरीच राखून ठेवतो. संकरित बियाणं दरवर्षी विकत घ्यावं लागतं, त्यात कंपनीला फायदा आहे. कणगीतलं बी पेरणाऱ्या बाईकडून कंपनीला काय मिळणार? म्हणून अशा पिकासाठी सरकारनंच पैसा घालावा लागतो.

आजही तसंच आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा खर्च मुख्यतः राज्य सरकारच्या अनुदानावर चालतो. फुले वसुधा, फुले रेवती ही रब्बी ज्वारीची वाणं तिथलीच, आणि भगवा डाळिंबही. केगावला २००५ पासून केंद्र सरकारचं डाळिंब संशोधन केंद्र आहे. लोह आणि जस्त जास्त असलेलं 'सोलापूर लाल' हे डाळिंब त्यांनी काढलं.

हा पैसा येतो कुठून? आपण साबण घेतो, मोबाईलचं रिचार्ज मारतो, त्यावरच्या करातून. म्हणजे विचारायचा हक्क आपलाही आहे.

आता आमच्या गटातल्या बायकांचे प्रश्न ऐका. ज्वारी उपटून उपटून हात सोलून निघतात, मग लहान रानात चालेल असं काढणीचं यंत्र का नाही? ज्वारीचं पीठ लवकर कडू होतं, ते जास्त दिवस कसं टिकवायचं? कडक भाकरी परगावी पाठवायची, तर पावसाळ्यात ती सादळू नये म्हणून कसली पिशवी वापरायची? हेही विज्ञानाचेच प्रश्न आहेत. पण विचारणारं कोणी नसेल, तर त्यावर पैसा तरी कोण मंजूर करणार?

कृषी विज्ञान केंद्रांच्या सल्लागार समितीत महिला शेतकऱ्यांनाही जागा असते. आपल्या भागातून तिथं कोण बसतं, ते आधी विचारा. गटाच्या पुढच्या बैठकीत प्रत्येकीनं एक प्रश्न सांगायचा आणि सचिवानं तो वहीत लिहायचा. मग ठराव करून, सह्या-अंगठे घेऊन तो कागद केंद्रात द्यायचा आणि पोच घ्यायची. कर्जाचा अर्ज देताना आपण पोच घेतो ना, अगदी तशीच.