अपिलाच्या कचेरीत आपल्या मुलांना वाव
(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण)



कायदा आणि प्रशासन या क्षेत्रांतील नोकऱ्यांविषयी मी बोलावे, अशी संस्थेची आज्ञा आहे. विषय मोठा आहे, म्हणून मी एकाच कचेरीची माहिती आपल्यापुढे ठेवतो. माझी बरीचशी वकिली जिथे झाली, ती ही कचेरी म्हणजे आयकर अपिलीय न्यायाधिकरण. बोलण्यात आपण तिला ट्रिब्यूनल म्हणतो.

आयकराचे नाव काढले की आपल्या दुकानदार बांधवांच्या कपाळाला आठ्या पडतात. पण ही कचेरी कर वसूल करणारी नव्हे. समजा, एका कापड दुकानदाराने विक्रीची रोकड बँकेत भरली. अधिकाऱ्याला तिचा खुलासा पटला नाही आणि त्याने ती रक्कम उत्पन्नात धरून कर लावला. दुकानदार आधी खात्यातील अपिलीय अधिकाऱ्याकडे दाद मागतो. तेथे समाधान झाले नाही तर तो ट्रिब्यूनलकडे येतो. वस्तुस्थितीच्या बाबतीत ट्रिब्यूनलचा शब्द सामान्यतः अखेरचा असतो. पुढे हायकोर्टात जायचे तर कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असावा लागतो.

ट्रिब्यूनलची स्थापना २५ जानेवारी १९४१ रोजी झाली. त्याचे पहिले अध्यक्ष महंमद मुनीर हे लाहोरचे वकील होते. पुढे ते पाकिस्तानचे सरन्यायाधीश झाले. १९४२ पासून ही संस्था अर्थखात्याकडे नसून कायदा खात्याकडे आहे. कर घेणारा आणि तक्रार ऐकणारा वेगळा असावा, हे त्यातले तत्त्व. मुख्य कचेरी मुंबईत महर्षी कर्वे मार्गावर आहे. पुणे, नागपूर आणि पणजी येथेही बेंच आहेत.

आता या कचेरीत कोण कोण काम करते ते पाहा. सामान्यतः दोन सदस्यांचे बेंच बसते. एक न्यायिक सदस्य कायदा जाणणारा, दुसरा लेखा सदस्य हिशेब जाणणारा. समोर एका बाजूला खात्याचे प्रतिनिधी, तर दुसऱ्या बाजूला करदात्याचे वकील किंवा चार्टर्ड अकाउंटंट. पण एवढ्यावर कचेरी चालत नाही. रजिस्ट्रार, सहायक रजिस्ट्रार, अधीक्षक, अपिले तपासून नोंदवणारे कारकून, सुनावणीची यादी लावणारे, निकाल लिहून घेणारे लघुलेखक, असा मोठा परिवार त्यामागे असतो.

या परिवाराचे मोल मला पहिल्याच अपिलात कळले. मी उमेदवारी करीत होतो. अपील घाईने दाखल केले आणि खालच्या आदेशाची प्रमाणित प्रत जोडायची विसरलो. नोंदणीच्या टेबलावरील वयस्कर कारकुनाने कागद चाळले, त्रुटी दाखवली आणि म्हणाला, ‘वकीलसाहेब, युक्तिवाद नंतर, आधी कागद.’ मी खजील झालो, पण पक्षकाराचे नुकसान टळले. तेव्हापासून टेबलामागच्या माणसाला मी कधी कमी लेखले नाही.

विद्यार्थी मित्रांनो, या कचेरीत शिरण्याचे मार्ग अनेक आहेत. बारावीनंतर लघुलेखनाचा मार्ग आहे. केंद्र सरकारच्या कचेऱ्यांतील लघुलेखक व कनिष्ठ कारकून यांच्या भरतीसाठी स्टाफ सिलेक्शन कमिशन परीक्षा घेते. लघुलेखकाला ‘ड’ श्रेणीसाठी मिनिटाला ८० आणि ‘क’ श्रेणीसाठी १०० शब्द घेता आले पाहिजेत. कारकुनाला संगणकावर मिनिटाला ३५ इंग्रजी किंवा ३० हिंदी शब्दांचा वेग लागतो. काही पदांसाठी ट्रिब्यूनल स्वतः जाहिरात देते, तीवर लक्ष ठेवावे. पदवीधराला कमिशनच्या पदवी स्तरावरील परीक्षेतून आयकर निरीक्षक होता येते. संघ लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेतून भारतीय महसूल सेवेत गेलेला तरुण पुढे बेंचसमोर खात्याची बाजू मांडू शकतो. आणि बारावीनंतर पाच वर्षांचा किंवा पदवीनंतर तीन वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम करून सनद घेणारा करदात्याची बाजू मांडू शकतो. अनुभवी वकील आणि चार्टर्ड अकाउंटंट यांतून पुढे सदस्यही निवडले जातात.

आपली मुले मराठी किंवा उर्दू माध्यमातली, त्यांचे तेथे कसे निभावणार, असे पालक विचारतात. बारावी स्तरावरील कमिशनच्या परीक्षा मराठी आणि उर्दूसह १३ प्रादेशिक भाषांतून घेण्याचा निर्णय २०२३ साली जाहीर झाला. तरीही इंग्रजीचा विषय सुटत नाही, आणि बेंचचे कामकाजही मुख्यत्वे इंग्रजीतच चालते. म्हणून रोज एक उतारा वाचावा, त्याचा सारांश दहा ओळींत लिहावा. खर्च एका वहीचा.

आता दाखल्यांविषयी. ज्या बिरादऱ्या केंद्राच्या इतर मागासवर्गीय यादीत आहेत, त्यांनी केंद्राच्या नमुन्यातला दाखला काढावा. राज्याचा दाखला तेथे चालेलच असे समजू नये. कोणत्याही राखीव वर्गात नसलेल्या आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या उमेदवाराने आर्थिक दुर्बल घटकाच्या इतर अटी पाहून तो दाखला घ्यावा. जाहिरात आल्यावर तहसील कचेरीत धावण्यात मुदत निघून जाते.

एका मेळाव्यात एक वडील मला म्हणाले, ‘साहेब, अर्ज करून काय उपयोग? आपली तिथे ओळख कुठे?’ त्यांची मुलगी शेजारी उभी होती. बारावीला चांगले गुण मिळवलेली ती मुलगी मान खाली घालून ऐकत होती. मी त्यांना वचन दिले नाही आणि आपल्यालाही देत नाही. सगळ्यांची निवड होत नाही. कधी अन्यायही होतो. पण जो अर्जच करीत नाही, त्याचे नाव यादीत येण्याचा प्रश्नच उरत नाही. आणि ते वाक्य मुलीने ऐकले, म्हणजे परीक्षेपूर्वीच तिचा निकाल घरात लागला.

तेव्हा पालकहो, एक विनंती. ट्रिब्यूनलची सुनावणी सामान्यतः खुली असते. मुंबई, पुणे, नागपूरला गेलात तर मुलामुलींना एक दिवस बेंचच्या मागच्या बाकावर बसवा. निकाल लिहून घेणारी तरुणी पाहू द्या, उभे राहून बोलणारा वकील पाहू द्या. ती जागा आपल्याला परकी नाही, हे त्यांना डोळ्यांनी कळेल. अपील म्हणजे दाद मागण्याचा हक्क. आपल्या मुलांनी तो मागायला शिकावे, आणि दुसऱ्याची दाद नीट नोंदवून घेणाऱ्या टेबलावरही बसावे, एवढीच माझी इच्छा आहे.

खुदा हाफिज.