गळती फक्त वरच्या मजल्याची नसते
(रौप्यमहोत्सवी सदस्य मेळाव्यातील भाषण)



पंचवीस वर्षांचा आढावा आधीच्या वक्त्यांनी छान घेतला. मी मात्र एका नकोशा विषयावर बोलणार आहे. विषय आहे गळती.

सुरुवातीलाच एक कबुली देतो. मी सचिव असताना वरच्या मजल्यावरच्या काकू आल्या. म्हणाल्या, "भाऊ, छत गळतंय." मी म्हणालो, "काकू, गच्ची तुमच्या डोक्यावर आहे, तुम्हीच बघा." त्यांनी बिचाऱ्यांनी सिलिकॉनची एक नळी आणली आणि ओल्या भेगेतच भरून घेतली. दिवाळीपर्यंत ती पट्टी साल निघावी तशी सुटली. पुढचे चार पावसाळे त्यांच्या खोलीत बादली होती. मग आतली सळई गंजली आणि एका रात्री छताचा पोपडा खाली पडला. नशीब, त्या जागी नातू झोपलेला नव्हता.

नंतर मी आदर्श उपविधी नीट वाचले. गच्ची, कठडे, छताची दुरुस्ती आणि पावसाच्या पाण्याची गळती ही संस्थेची जबाबदारी आहे. आपल्या बाथरूमचं पाणी खालच्या घरात उतरत असेल, तर तेवढं त्या सदस्याने बघायचं. म्हणजे चूक माझी होती. काकूंची माफी मी मागितली आहे, आज सगळ्यांसमोर पुन्हा मागतो.

आता भेग पडते का, ते बघू. परभणीचा उन्हाळा तुम्हाला सांगायला नको, पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. थंडीत तोच दहाच्या खाली येतो. दहा मीटर लांबीचा स्लॅब दर दहा अंशांमागे साधारण एक मिलिमीटर लांबतो किंवा आखडतो. म्हणजे भेग रोज थोडी उघडते, थोडी मिटते. तिच्यात नुसतं सिमेंट भरलं तर तडा पुन्हा तिथेच जाणार. तिथे रबरासारखं ताणणारं सीलंट लागतं. त्यात खाली काळी माती, पावसाळ्यात फुगणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी. म्हणून भेग दर वर्षी रुंदावत असेल, तर नळी आणण्याआधी इंजिनिअरला दाखवा.

दुकानात गेलं की दहा नळ्या समोर ठेवतात. एवढं लक्षात ठेवा. गच्चीच्या आणि बाहेरच्या भिंतीच्या भेगेला पॉलियुरेथेन, म्हणजे पीयू. ते सिमेंटला चांगलं धरतं, वर रंगही बसतो; मात्र उन्हाने पांढुरकं पडतं, म्हणून वरून लेप द्यावा. काच आणि ॲल्युमिनियमच्या खिडकीला सिलिकॉन. ते ऊन सोसतं, पण त्यावर रंग बसत नाही. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन सिमेंटवर वापरू नका. ‘न्यूट्रल’ लिहिलेलं घ्या. ॲक्रिलिक स्वस्त असतं, पण ते घरातल्या बारीक फटींसाठी. पाणी साचतं तिथे ते टिकत नाही.

माल चांगला असून काम बिघडतं, ते बहुतेक घाईमुळे. जुनं सीलंट पूर्ण खरवडा. धूळ झाडा, जागा कोरडी होऊ द्या. रुंद फटीत आधी फोमची गोल दोरी बसवा, तिला बॅकर रॉड म्हणतात. सीलंट दोन्ही बाजूंना चिकटावं, तळाला नाही. तळाला चिकटलं की ताणताना फाटतं. खोली रुंदीच्या निम्मी पुरते. आणि एक विनंती: स्लायडिंग खिडकीच्या पट्टीला बाहेरून बारीक छिद्रं असतात, ती बुजवू नका. आत आलेलं पाणी तिथूनच बाहेर जातं.

एवढं करूनही सीलंट जन्मभर पुरत नाही. पण ही गोष्ट आपल्याला नवी आहे का? आपल्यापैकी कितीतरी जण माळवदाच्या घरात वाढले. मृगाच्या आधी माळवदावर नवी पांढरी माती पडायची, चोपून बसवायची, पन्हाळी साफ व्हायच्या. एखाद्या साली कंटाळा केला की घरात भांडी मांडावी लागायची. कोकणातला होडीवालाही लाकडाच्या फटींत कापूस ठोकून तेल-राळ लावतो आणि वेळोवेळी होडी किनाऱ्यावर ओढून पुन्हा तेच करतो. स्लॅब आला आणि आपल्याला वाटलं, आता बघायची गरजच नाही. तिथे फसलो.

म्हणून माझी मागणी साधी आहे. दर मे महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रत्येक मजल्यावरचा एक जण गच्चीवर यावा. कठडा आणि स्लॅबच्या कोपऱ्यातला वाटा, पाइप बाहेर येतो ती जागा, टाकीचा पाया आणि पन्हाळीचं तोंड, एवढं बघायचं. शंका असेल तर इंजिनिअरला विचारून पन्हाळी बंद करावी, दोन इंच पाणी ४८ तास ठेवावं आणि खाली ओल येते का पाहावं. भेग दिसली तर पाऊस पडायच्या आत भरायची. खर्च दुरुस्ती निधीतून करायचा. तो त्याचसाठी आपण दरमहा भरतो.

तळमजल्यावरच्यांना वाटेल, आपल्याला काय त्याचं? सळई गंजते ती सगळ्या इमारतीची. वरचे गळतात तेव्हा खालचेही हळूहळू गळतच असतात, फक्त त्यांना अजून कळलेलं नसतं.

पहिल्या रविवारी मी शिडी घेऊन येतो. तुम्ही या.