आमच्या दिंडीचे गाडीवान मामा
(शतकपूर्ती सोहळ्यात केलेलं भाषण)

आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली. या पुस्तकात विणेकऱ्यांचे, कीर्तनकारांचे फोटो येतील, ते यायलाच पाहिजेत. पण आम्हाला आज जे बोलायचं आहे ते अशा माणसाबद्दल, ज्यांच्या हातात टाळ फार थोडा वेळ टिकला. त्यांच्या हातात कासरा असायचा. आपले गाडीवान मामा. आमच्या मामी समोर बसल्यात. त्यांची परवानगी घेऊनच बोलतो.

मामा लहानपणी लोकांची गुरं राखायचे. शाळेचा उंबरा त्यांनी बघितला नाही, पण बैलाचं खूर बघून सांगायचे की हा उतारावर दम धरील की नाही. खिल्लार जनावर म्हणजे त्यांचा जीव. खरसुंडीची यात्रा, सांगोल्याचा बाजार, कार्तिकीला पंढरीचा जनावरांचा बाजार, काही चुकवायचे नाहीत. लाल पटका, खांद्यावर आसूड, तोंडात शीळ. आसूड होता, पण तो बैलाच्या पाठीवर पडलेला आम्ही तरी पाहिला नाही. स्वतःच्या लग्नाच्या वरातीत नवरदेव साट्यावर बसेना, पुढं जाऊन स्वतःच गाडी हाकली. मामी आजही सांगतात, "आवं, म्या गाडीत एकटी आन् नवरा बैलाशी बोलतोय!"

शर्यतीचा नादही होता. घरचे वैतागायचे. पण वारीला लागले तशी ती रग सगळी देवाच्या गाडीला लावली.

आता पोरांना सांगितलं पाहिजे की गाडीवानाचं काम काय असतं. आपण चालतो, भजन म्हणतो, तळावर आलो की बसतो. गाडीवानाला बसणं नाही. दिंडीची भांडी, पीठ, मीठ, पालं, अंथरुणं सगळं गाडीत. काकड्याच्या आधी उठून बैलांना पाणी, वैरण, मग जुंपणी. आपल्या आधी तळावर पोचायचं, नाहीतर पंगत उपाशी. दिवे घाटात माउलींच्या रथाला जादा बैलजोड्या लावतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण मागच्या गाड्यांचं काय? मामा आपली गाडी वर चढवून सोडायचे, आणि बैलांना थोडा विसावा देऊन खाली परत यायचे, दुसऱ्या दिंडीच्या गाड्यांच्या चाकाला खांदा द्यायला. आपली दिंडी, परकी दिंडी, हा हिशेब त्यांच्याकडं नव्हता. एक नियम मात्र कडक, चढाला गाडीत कुणी बसायचं नाही. मोठा असो, धाकटा असो. म्हणायचे, "तोंडात देवाचं नाव आन् भार मुक्या जिवाच्या मानंवर, ह्ये कसं चालंल?"

एका सालची गोष्ट. वेळापूरच्या अलीकडं त्यांचा डावा बैल लंगडायला लागला. पत्री निघून खुरात खडा रुतला होता. दिंडीचं सामान दुसऱ्या गाड्यांत वाटून दिलं आणि मामा एका शेतकऱ्याच्या गोठ्यात थांबले. आम्ही म्हटलं, "मामा, बैल इथं ठेवा, परतताना न्या. एकादशी चुकंल." ते म्हणाले, "त्यानं मला इथवर आणलं. त्याला टाकून म्होरं जाऊ?" एकादशी चुकली. बैल चालता झाल्यावर आले ते थेट पौर्णिमेला, गोपाळपुरात, काल्याला. कुणीतरी बोललं, "मामा, तुमची वारी खंडली." तेव्हा आमचे गुरुजी म्हणाले, "नाथबाबांनी काशीची कावड वाटेत तहानलेल्या गाढवाला पाजली, तर रामेश्वर रागावला का? गाढवाच्या घशातूनच त्याला पोचली. ह्यांची एकादशी त्या गोठ्यात झाली." आणि काला कुणाचा असतो महाराज? गुराख्यांचाच ना! देव राजवाडा सोडून गुरं राखणाऱ्यांच्या पंगतीत बसला, शिदोऱ्या एकत्र केल्या, त्याची आठवण म्हणजे काला. त्या दिवशी गोपाळपुरात खरा गोपाळ आला होता, असं आम्ही समजतो.

आता मामींचं सांगतो, कारण ते राहून जातं. मामा वारीला निघाले की मागं गोठा, शेत, लेकरं, म्हातारी माणसं कुणी बघितली? 1972 च्या दुष्काळात मामींनी दुष्काळी कामावर खडी फोडली. कडबा मिळेना, तेव्हा माहेरची पुतळ्यांची माळ मोडून कडबा आणला. मामांना त्याची टोचणी शेवटपर्यंत होती. एकदा आमच्यासमोर विषय निघाला, तर मामी म्हणाल्या, "ती माळ पेटीत पडून ऱ्हायली असती. बैलांच्या पोटात गेली म्हणून पंढरीला तरी चालत गेली." मायबाप, आम्ही चाळीस वर्षं कीर्तन करतो, पण त्यागावर यापेक्षा मोठं निरूपण आम्हाला जमलं नाही.

पुढं दिंडीला ट्रक आला. मामांनी तोंड वाकडं केलं नाही. म्हणाले, "बैलांची सुटका झाली, बरं झालं." मग पाण्याच्या टँकरपाशी उभे राहायचे, म्हाताऱ्या माणसांच्या कळश्या भरून द्यायचे. 2014 ला कोर्टानं बैलगाडी शर्यती बंद केल्या, 2023 ला अटींवर चालू ठेवल्या. गावच्या पोरांनी मानानं मामांना नारळ फोडायला नेलं. तिथं एकजण बैलाला टोचताना दिसला. त्या वयात मामा मैदानात उतरले आणि कासरा धरला. म्हणाले, "पळायची हौस बैलालाबी असती. टोचून पळवायचं आसंल तर तू जू घे." नारळ तसाच ठेवून घरी आले.

दोन वर्षांमागं जेठ महिन्यात, पालखी निघायच्या आधी, मामा गेले. दावणीला म्हातारी जोडी होती. तीन दिवस वैरणीला तोंड लावलं नाही. दलाल आला, नातेवाईक म्हणाले, आता कोण बघणार, देऊन टाका. मामी उंबऱ्यात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "धनी गेल्यावर मला कुणी बाजारात न्हेलं का? मग ह्यांना का?" त्याच साली मामी डोक्यावर तुळस घेऊन जन्मात पहिल्यांदा वारीला चालल्या. मागं गोठ्यात शेजाऱ्यांनी पाळ्या लावल्या. पन्नास वर्षं ज्या बाईनं वारी घरात राहून केली, ती वाखरीला रिंगणात अश्वाच्या टापांखालची माती कपाळाला लावत होती, तेव्हा आमच्या हातातला टाळ थांबला.

म्हणून शंभराव्या वर्षी दिंडीपुढं आमचं एकच मागणं आहे. ज्याच्या बैलानं आयुष्यभर शेत कसलं, त्याची म्हातारी जोडी बाजाराच्या रस्त्याला लागू नये. ज्याला झेपत नाही, त्याच्या दारात दिंडीतल्या प्रत्येक घरानं वर्षाला पाच पेंढ्या कडबा टाकावा. आणि प्रत्येक तळावर पंगत बसायच्या आधी जनावरांसाठी पाण्याचा एक हौद भरावा. देवळावर कळस चढवायला वर्गणी निघते, ह्यालाही निघावी. पहिल्या शंभर पेंढ्या आमच्या शेतातून येतील. कोण कोण देतंय, त्यांनी उठताना मामींपाशी नाव सांगावं, वही त्यांच्याकडं दिली आहे.

रामकृष्ण हरी!