पाच बादल्या दूध



सत्ता आणि रूपककथा हा विषय मी आज मुद्दाम घेतला आहे. अशी कथा हाती आली की आपण आधी मुखवट्यांमागचे चेहरे शोधू लागतो. १९७२ साली ‘घाशीराम कोतवाल’ रंगभूमीवर आले तेव्हा नाना फडणवीस खरोखर तसे होते का, यावर आपल्याकडे रान पेटले. घाशीरामला घडवते कोण, हा नाटकाचा खरा प्रश्न त्या गदारोळात मागे पडला. जॉर्ज ऑर्वेलच्या ‘ॲनिमल फार्म’चेही तेच होते. नेपोलियन हे डुक्कर म्हणजे स्टालिन, स्नोबॉल हे डुक्कर म्हणजे ट्रॉट्स्की, अशा जोड्या लागल्या की पुस्तक समजले असे आपण धरून चालतो. माझ्या मते त्यातली सर्वांत कठोर गोष्ट तेव्हा नजरेतून सुटलेली असते.

ती दुसऱ्या प्रकरणाच्या शेवटी आहे. शेतावरच्या प्राण्यांनी मालक जोन्सला हाकलून दिले आहे. गायींच्या कासा तटतटल्या आहेत. डुकरे धारा काढतात, पाच बादल्या फेसाळ दूध निघते. या दुधाचे काय करायचे, असे कोणीतरी विचारते. नेपोलियन बादल्यांपुढे येऊन उभा राहतो आणि सगळ्यांना गवतकापणीला पिटाळतो. संध्याकाळी परत येऊन पाहतात तर दूध नाही. पुढे कळते की ते रोज डुकरांच्या आंबोणात जाते. मग सफरचंदेही त्यांच्याच वाट्याला जातात. डुकरांची बाजू मांडणारा स्क्वीलर येऊन पटवून देतो की, डोक्याने काम करणाऱ्यांना हे लागतेच. त्यांची तब्येत ढासळली तर जोन्स परत येईल. जोन्स कोणालाच नको असतो. विषय तिथेच मिटतो.

इथवर नेपोलियन हुकूमशहा झालेला नाही. गुरगुरणारे कुत्रे अजून त्याच्याभोवती दिसत नाहीत. आणि एरवी प्रत्येक ठरावावर भांडणारा स्नोबॉल सफरचंदांच्या बाबतीत त्याच्याशी पूर्ण सहमत आहे! कथा वळते ती इथेच, असे ऑर्वेलने १९४६ मध्ये ड्वाइट मॅकडोनाल्ड या अमेरिकी संपादकाला पत्रात लिहिले. त्याच्या मनात क्रॉनस्टाट होते. १९१७ च्या क्रांतीत आघाडीवर असलेल्या या नाविक तळावरच्या खलाशांनी मार्च १९२१ मध्ये गुप्त मतदानाने नव्या निवडणुका मागितल्या, भाषणस्वातंत्र्य मागितले. लाल सेनेने गोठलेल्या समुद्रावरून चालून जाऊन ते बंड चिरडले. तेव्हा लेनिन सत्तेवर होता आणि युद्धखाते ट्रॉट्स्कीकडे होते. म्हणजे ऑर्वेलच्या लेखी क्रांती नासली ती स्टालिनच्या आधी, शहाण्यासुरत्या माणसांच्या एकमताने.

तरीही स्टालिनवर त्याने अन्याय केला नाही. पुस्तक छपाईच्या वाटेवर असताना, मार्च १९४५ मध्ये, त्याने पॅरिसहून प्रकाशकाला एक दुरुस्ती कळवली. कथेत प्राण्यांची पवनचक्की सुरुंगाने उडते तेव्हा नेपोलियनसकट सगळे प्राणी जमिनीवर पालथे पडतात, असे त्याने आधी लिहिले होते. आता त्याला नेपोलियन उभाच हवा होता, कारण जर्मन फौजा मॉस्कोजवळ आल्या तेव्हा स्टालिन शहर सोडून गेला नव्हता. एवढा तिटकारा असलेल्या माणसाचे धैर्य नोंदवण्यासाठी हातातले वाक्य बदलणारा लेखक मला फार मोठा वाटतो. रूपककथा लिहू पाहणाऱ्या तरुण मित्रांनी ही दुरुस्ती लक्षात ठेवावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

त्याआधी गोलान्झ, केप आणि फेबर या तिन्ही प्रकाशकांनी हस्तलिखित नाकारले होते. फेबरतर्फे टी. एस. एलियटने कळवले ते वाचून आजही अस्वस्थ व्हायला होते. डुकरे इतर प्राण्यांपेक्षा हुशार, तेव्हा कारभार त्यांच्याकडेच योग्य. फक्त ती अधिक लोकहितदक्ष असायला हवीत, असा त्याचा युक्तिवाद होता. बुद्धिमंतांनी राज्य करावे, हा स्क्वीलरच्या बोलण्याचा पायाच एलियटसारख्या चोखंदळ वाचकाने मान्य करून टाकला होता. शेवटी सेकर अँड वॉरबर्गने ऑगस्ट १९४५ मध्ये पुस्तक काढले.

ऑर्वेल १९५० मध्ये गेला. या पुस्तकावरचा १९५४ चा कार्टूनपट अमेरिकेच्या सीआयएच्या पैशावर निघाला. पुस्तकाच्या शेवटी डुकरे आणि शेजारचे शेतमालक एकाच टेबलावर पत्ते खेळतात आणि खिडकीबाहेरच्या प्राण्यांना कोण कोणता ते ओळखू येत नाही. चित्रपटातल्या त्या प्रसंगातून शेतमालकांना वगळले आणि प्राण्यांकडून डुकरांविरुद्ध नवा उठाव करवला. स्टालिनवरचा हल्ला पैसे देणाऱ्यांना हवा होता; त्याच टेबलावर बसलेली आपली माणसे दाखवायची त्यांची तयारी नव्हती.