उधारीच्या वहीतली साथ

(दहावी १९९६ च्या माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं मनोगत)



संयोजकांचा फोन आला तेव्हा त्यांनी विषयही देऊन टाकला होता. "तू सॉफ्टवेअरवाली, तेव्हा कृत्रिम बुद्धिमत्तेवर बोल." तो विषय मी हात जोडून परत केला. समोर बसलेल्यांत डॉक्टर आहेत, मेडिकलचं दुकान चालवणारे आहेत, शिक्षक आहेत, ग्रामपंचायतीत निवडून आलेले आहेत, आशाताई आहेत. तुम्हा सगळ्यांशी मला एका जुन्या वहीबद्दल बोलायचं आहे.

बऱ्याच जणांना ठाऊक आहे, माझे वडील, आमचे अण्णा, गावातल्या एका डॉक्टरसाहेबांकडे कंपाउंडर होते. तुमच्यापैकी अनेकांनी त्यांच्या हातचं लाल औषध प्यायलेलं आहे. बाटलीला मात्रा दाखवणारी कागदाची पट्टी ते स्वतः कातरून चिकटवायचे. पेशंट सरसमहून यायचे, तसेच पैनगंगेच्या पलीकडून उमरखेडच्या बाजूनेही यायचे. त्या सगळ्यांची नोंद अण्णा एका लांबोडक्या, लाल कापडी पुठ्ठ्याच्या वहीत करायचे. तारीख, नाव, गाव किंवा गल्ली, एका शब्दात आजार, आणि शेवटी 'रोख' किंवा 'बाकी'. ती वही आजारांसाठी नव्हतीच, उधारीसाठी होती. आजार लिहायचा तो एवढ्यासाठी की कापूस विकल्यावर एखादा म्हणाला, "मी कधी आलो होतो?" तर अण्णांना सांगता यावं, "पोळ्याच्या आदल्या दिवशी. जुलाब लागले होते."

१९९४ साली आपण नववीत होतो. आदल्या वर्षी किल्लारीचा भूकंप झाला होता. आणि त्या वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरात बीड जिल्ह्यातल्या मामला गावात प्लेग आल्याची बातमी आली, पाठोपाठ सुरतेची. आठवतंय ना? तोंडाला रुमाल बांधून आपण शाळेत यायचो. दुकानात टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल मिळत नव्हत्या. प्रार्थनेच्या वेळी कुणी शिंकलं तर रांग मागे सरकायची. सगळं गाव प्लेगच्या धास्तीत होतं. प्लेग आपल्याकडे आला नाही. पण त्याच पावसाळ्यात आमच्या गल्लीत कावीळ होती, आणि तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

आमच्या शेजारच्या वहिनींना सातवा महिना होता. काज-बटण करायला मला त्यांनीच शिकवलं होतं. त्यांचे डोळे पिवळे झाले तेव्हा घरच्यांनी कावीळ उतरवून घेतली, गळ्यात माळ घातली. आठव्या दिवशी त्यांना नांदेडला नेलं. त्या परत आल्या नाहीत.

तेराव्यानंतर एका रात्री अण्णा वही घेऊन बसले. मी समोर गृहपाठ करत होते. म्हणाले, "पोरी, मी वाचतो, तू खुणा मार." गणिताच्या सरांनी शिकवलेल्या ताळ्याच्या खुणा. चार उभ्या, पाचवी आडवी. पाच आठवड्यांत 'कावीळ' हा शब्द चौदा वेळा आला होता. त्यातली अकरा माणसं एकाच गल्लीतली, एकाच आडाचं पाणी पिणारी. अण्णा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "हे सगळं माझ्याच हातानं लिहिलंय की गं."

मोजणी आधी झाली असती तर वहिनी वाचल्याच असत्या, असं मी म्हणणार नाही. ती कोणती कावीळ होती याची तपासणी तेव्हा झाली नव्हती. पाण्यातून पसरणारी ई प्रकारची कावीळ दूषित पाणी पोटात गेल्यावर दोन ते दहा आठवड्यांनी दिसते, आणि शेवटच्या महिन्यांतल्या गरोदर बाईला तीच सर्वांत जास्त जिवावर बेतते. कदाचित पहिली नोंद झाली तेव्हाच उशीर झाला होता. पण चौथ्या-पाचव्या नोंदीला कुणी आडाचं पाणी उकळून प्यायला सांगितलं असतं, तर शेवटच्या काही नोंदी कदाचित टळल्या असत्या. आणि गरोदर बायकांना तरी माळ घालत न बसता वेळेवर मोठ्या दवाखान्यात नेलं असतं.

पुढे वाचनात आलं की हेच काम इंग्लंडात एका खेड्यातल्या डॉक्टरने केलं होतं. यॉर्कशायर परगण्यात विल्यम पिकल्स नावाचे साधे फॅमिली डॉक्टर होते. कोणत्या गावात, कोणत्या दिवशी, कुणाला काय झालं, याचा तक्ता ते वर्षानुवर्षं ठेवत. १९२९ साली त्यांच्या भागातही काविळीची साथ आली. जत्रेच्या दिवशी सकाळी त्यांनी एका आजारी मुलीला अंथरुणावर पाहिलं होतं. ती उठेल असं त्यांना वाटलंही नव्हतं, पण दुपारी ती जत्रेत हजर! पुढे ज्यांना कावीळ झाली त्यांचे दिवस मोजून त्यांनी ठरवलं की लागण झाल्यापासून आजार दिसेपर्यंत २६ ते ३५ दिवस जातात. प्रयोगशाळा नाही, संगणक नाही. १९३९ साली त्यांचं पुस्तक निघालं. इंग्लंडातल्या फॅमिली डॉक्टरांची संस्था स्थापन झाली तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष तेच झाले. १९५७ पासून त्या संस्थेकडे ठरावीक दवाखान्यांतून आकडे येतात. फ्लूची लाट केव्हा चढते, केव्हा ओसरते, हे तिथे त्यावरून ओळखतात. फ्रान्सने १९८४ मध्ये असंच जाळं उभं केलं.

आपल्याकडे काहीच नाही असं नाही. प्लेगच्या त्या धक्क्यानंतर १९९७-९८ मध्ये साथरोगांच्या पाहणीचा राष्ट्रीय कार्यक्रम आला आणि २००४ मध्ये एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम. उपकेंद्रातल्या सिस्टर, प्राथमिक आरोग्य केंद्रातले डॉक्टर आणि प्रयोगशाळा अशा तिघांकडून माहिती जाते. २०२१ पासून ती ऑनलाइन भरतात. अडचण दुसरीकडे आहे. ताप आला की आपला माणूस आधी कुठे जातो? २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत ग्रामीण भागातल्या बाह्यरुग्ण उपचारांत सरकारी दवाखान्यांचा वाटा जेमतेम एक तृतीयांश होता. उरलेले बहुतेक जण कोपऱ्यावरच्या खासगी डॉक्टरकडे जातात. त्यांच्या दवाखान्यात साथ सर्वांत आधी येते, आणि तिथेच ती मोजली जात नाही.

पुण्यात जानेवारी २०२५ मध्ये जीबीएसचे रुग्ण एकदम वाढले. हातपाय लुळे पाडणारा हा आजार. सिंहगड रस्त्याच्या बाजूला, आणि गंमत म्हणजे तिथेही नांदेड नावाचंच गाव आहे, त्या परिसरात. एकूण आकडा दोनशेच्या वर गेला. हा प्रकार पहिल्यांदा लक्षात आला तो मोठ्या रुग्णालयांत. पण हातपाय लुळे पडतात ते बहुधा जुलाब किंवा ताप येऊन गेल्यावर एक ते तीन आठवड्यांनी. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर नावाचे जंतू सापडले. म्हणजे अतिदक्षता विभाग भरायच्या आधी त्यातली कितीतरी माणसं गल्लीतल्या डॉक्टरकडे जुलाबाची गोळी घेऊन गेलेली असणार. त्या जुलाबांची बेरीज रोज रात्री कुणी मांडली असती तर? मी पुण्यातच राहते, म्हणून हा प्रश्न मला जास्त टोचतो.

आता माझी चूक सांगते. काही वर्षांपूर्वी डॉक्टरांसाठी असंच एक ॲप करायचं काम माझ्याकडे आलं. मी मोठ्या हौसेने फॉर्म बनवला. त्यात बावीस रकाने होते. वय, पत्ता, लक्षणं किती दिवस, आधीचे आजार, सगळं. पहिल्या आठवड्यात डॉक्टरांनी भरला, दुसऱ्यात निम्म्यांनी सोडला, महिन्याभरात कुणीच उरलं नाही. एका वयस्कर डॉक्टरांनी मला त्यांच्या दवाखान्यात बसवून ठेवलं. म्हणाले, "बाहेर किती माणसं आहेत मोज, आणि मग सांग तुझे बावीस रकाने मी कधी भरू." कंपाउंडरची मुलगी असून मला हे सांगावं लागलं! अण्णांची वही इतकी वर्षं चालली, कारण तिच्यात आजाराला एकच शब्द होता.

म्हणून मी आज ॲप आणलेलं नाही, एक कागद आणलाय. पाच ओळी: नुसता ताप; तापासोबत सर्दी-खोकला; जुलाब-उलट्या; कावीळ; अंगावर पुरळ येऊन ताप. सहाव्या ओळीत दिवसभरातले एकूण पेशंट. नाव लिहायचं नाही, मोबाईल नंबर लिहायचा नाही. फक्त गाव किंवा गल्ली, आणि ताळ्याची खूण. कंपाउंडर किंवा रिसेप्शनवरची मुलगी दोन मिनिटांत करेल.

सहावी ओळ मात्र विसरू नका. इंग्लंडात प्रत्येक डॉक्टरकडे किती माणसं नोंदलेली आहेत हे ठरलेलं असतं, आपल्याकडे नाही. बाजाराच्या दिवशी गर्दी दुप्पट होते, महाशिवरात्रीला परमेश्वराच्या यात्रेत तर विचारूच नका. समजा, एका आठवड्यात ३०० पेशंट आले, त्यात तापाचे ४५. पुढच्या आठवड्यात ५०० आले, त्यात तापाचे ७५. ताप वाढला का? नाही, दोन्ही वेळा शंभरात १५ च. पण पुन्हा ३०० च आले, आणि एरवी महिन्यात एखादी दिसणारी कावीळ एकाच गल्लीतून सहा वेळा आली, तर तिथे थांबायचं नाही. तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना फोन करायचा. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला ओटी टेस्ट करायला सांगायचं, टीसीएल टाकलं जातंय का बघायचं, पाण्याचा नमुना तपासणीला पाठवायचा. आकडा वाढला म्हणजे साथ सिद्ध झाली असं नाही. फक्त, आता जाऊन बघायला हवं, एवढं तो सांगतो.

शाळेतल्या शिक्षक मित्रांनो, तुमच्याकडे तर तयार वही आहे, हजेरीपट. एका वर्गात एकाच वाडीची पाच पोरं एकदम गैरहजर दिसली, तर घरी विचारा. मेडिकलवाल्यांनो, ओआरएसची पाकिटं एरवीपेक्षा भराभर संपायला लागली, तर डॉक्टरांच्या कानावर घाला. आशाताई, तुम्ही हे काम आधीपासून करताच. तुमचं ऐकून घेणं हे आमचं काम आहे.

आपल्या वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. त्यावर रोज दीडशे सुप्रभात येतात. त्यातल्या डॉक्टरांनी दर रविवारी फक्त सहा आकडे तालुक्याला कळवायचे ठरवले, तर त्यांची मांडणी करून देण्याचं काम माझं. त्यासाठी बी.ई. लागत नाही, आपल्या सरांची नववीची वारंवारता सारणी पुरते. सर, तुम्ही पहिल्या रांगेत बसला आहात म्हणून सांगते, त्या धड्याचा उपयोग काय असं मी तेव्हा तुम्हाला वर्गात विचारलं होतं आणि तुम्ही मला बाकावर उभं केलं होतं. उत्तर त्याच वर्षी घरी मिळालं, तुम्हाला सांगायचं राहून गेलं होतं.

अण्णा जाऊन सहा वर्षं झाली. ती वही मी आज सोबत आणली आहे. त्या रात्रीनंतर प्रत्येक पावसाळ्यात त्यांनी मागच्या पानांवर खुणा मारलेल्या आहेत, कुणी सांगितलं नसताना. दोनदा ते ती वही घेऊन सरपंचांकडे गेले होते, आणि एकदा आडात पावडर पडली. माणसांची नावं असल्याने पुढची पानं मी दाखवणार नाही. मागची पानं जेवणानंतर ज्यांना बघायची आहेत त्यांनी जरूर बघा. कोरे कागद तिथेच टेबलावर ठेवले आहेत, जाताना घेऊन जा.