भेटकार्डाचा गोंद आणि धारवाडची हवा

संक्रांतीला तिळगुळासोबत हातानं केलेलं भेटकार्ड द्यायचं मनात असेल, तर आज थोडं गोंदाविषयी. सुंदर कार्ड बिघडतं ते बहुधा चिकटवतानाच.

फेव्हिकॉल १९५९ साली आला, तो मुळात सुतारांसाठी. अशा पांढऱ्या गोंदात पाणी असतं. ते उडून गेलं की गोंद पारदर्शक होतो आणि घट्ट धरतो. पण तेच पाणी पिऊन कागदाचे तंतू फुगतात, म्हणून जाड थर दिला की सुरकुत्या आल्याच! गोंद बशीत थोडासाच घ्या, सपाट ब्रशनं मधून कडांकडे पातळ पसरा. टिकली किंवा आरसा लावायला काडेपेटीच्या काडीचं टोक पुरतं. मग वर कोरा कागद आणि जाडजूड पुस्तक ठेवून रात्रभर हात लावू नका. पावसाळ्यात आपल्या धारवाडच्या दमट हवेत सुकायला वेळ लागतो. जानेवारीत मात्र गोंद लवकर सुकतो, तेव्हा एकेक तुकडाच चिकटवा.

काम झालं की बाटलीचं तोंड ओल्या फडक्यानं पुसा, झाकण घट्ट लावा, बाटली उन्हात ठेवू नका.

लहान मुलांसाठी मला मैद्याची खळच आवडते. ती लवकर आंबते, म्हणून लागेल तेवढीच शिजवा. बाइंडर लोक कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालतात. ते विषारी आहे. मुलांच्या खळीत कधीही घालू नका.